पंधरा मोटारी एकाच सेकंदाला

रात्री साडेबाराला लाईट येते. मळ्यात चिटपाखरू नसतं, तरी पंधरा विहिरींवरच्या पंधरा मोटारी एकदम घूं करून उठतात. प्रत्येकीच्या स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला असतो. लाईट आली की तो आपोआप मोटार चालू करतो आणि शेतकऱ्याचं अंधारात, साप-विंचवाच्या वाटेनं विहिरीवर जाणं वाचतं. आमच्या मळ्यातल्या डीपीवर, म्हणजे व्होल्टेज उतरवून मोटारींना वीज वाटणाऱ्या रोहित्रावर, अशा पंधरा मोटारी होत्या. एका उन्हाळ्यात ती डीपी तीनदा जळाली.

हिशेब साधा आहे. पाच हॉर्सपॉवरची मोटार साधारण पावणेचार किलोवॉटची. पंधरा मोटारी म्हणजे ५६ किलोवॉट, आणि १०० केव्हीएच्या डीपीला एवढा भार पेलायला हरकत नाही. पण थांबलेली मोटार फिरायला लागते तेव्हा पहिले काही सेकंद ती नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. पूर्वी माणसं एकेक करून विहिरीवर पोचायची. कुणी आधी, कुणी अर्ध्या तासानं, कुणी पहाटे. त्यामुळे ते जड सेकंद आपोआप वेगवेगळे पडायचे. ऑटोनं सगळ्यांचा पहिला सेकंद एकच करून टाकला. मग व्होल्टेज कोसळतं, कमी व्होल्टेजवर मोटारी वेग घेत नाहीत, वेग घेत नाहीत म्हणून जादा करंट ओढतच राहतात. त्यात फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार घातलेली असली की डीपीच्या आतलं वायंडिंग (तारेची वेटोळी) जळालंच.

यात मला लहानपणी न कळलेली आणि आता फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, बिघडलेलं काहीच नव्हतं. ज्या कामासाठी ऑटो विकत आणला, ते काम प्रत्येक ऑटोनं चोख केलं. एकेकटा तपासला तर पंधराच्या पंधरा पास झाले असते.

पुढे मी सॉफ्टवेअरच्या कामाला लागलो आणि विजेच्या जाळ्यांमध्ये जगभर झालेल्या मोठ्या बिघाडांचे चौकशी अहवाल वाचायचा नाद लागला. देश वेगळे, यंत्रं वेगळी, पण वाचताना पुन्हा पुन्हा आमची डीपी आठवते. आता शहरं स्मार्ट होतायत, वीजजाळं स्मार्ट होतंय, घरोघरी स्मार्ट मीटर लागतायत. या सगळ्याच्या पोटात सॉफ्टवेअरचा जो खरा अवघड प्रश्न आहे, तो समजावून सांगायला ती डीपीच मला सगळ्यात कामाची वाटते.

जुन्या वीजजाळ्यात वीज एकाच दिशेनं यायची. वीजकेंद्रातून उच्चदाबाच्या वाहिन्यांवर, तिथून उपकेंद्रात, तिथून फीडरवर (उपकेंद्रातून गावाकडे निघणारी लाईन), डीपीवर आणि मग घरात. निर्णयही मोजक्या ठिकाणी व्हायचे. वीजकेंद्रात काही आणि मागणी-पुरवठ्याचा मेळ घालणाऱ्या राज्याच्या भार प्रेषण केंद्रात काही. नव्या जाळ्यात छपरावर सौर पॅनल आहे, त्याखाली पॅनलची वीज जाळ्याला जुळेल अशी करणारा इन्व्हर्टर आहे, पार्किंगमध्ये गाडीचा चार्जर आहे, दाराशी मीटर आहे. या प्रत्येकात एक छोटा संगणक आहे आणि तो स्वतःपुरतं काहीतरी ठरवतो. कधी चालू व्हायचं, कधी बंद व्हायचं, किती द्यायचं, किती घ्यायचं. म्हणजे एका डीपीवर पंधरा ऑटो होते, तिथे आता देशभर कोट्यवधी आहेत.

हे ऑटो कशावरून ठरवतात ते समजायला फ्रिक्वेन्सी समजून घ्यावी लागेल. जाळ्यात वीज साठवून ठेवायची सोय फार थोडी असते. या क्षणी देशात जितकी वीज वापरली जाते, तितकीच याच क्षणी तयार व्हावी लागते. हा तोल साधतोय की नाही हे सांगणारा आकडा म्हणजे फ्रिक्वेन्सी, आणि आपल्याकडे तो ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या, आसपास राहावा लागतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातलं जनित्र आणि कोयनेच्या डोंगराच्या पोटातलं जनित्र एकाच जुवाला जुंपलेली असतात. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारतही त्याच जुवाखाली आला. भार वाढला की जू जड होतं, देशातली सगळी जनित्रं एकदम किंचित मंदावतात आणि आकडा ५० च्या खाली सरकतो. भार घटला की वर जातो. नियमानं तो ४९.९० ते ५०.०५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवायचा असतो.

आपण गिझर लावला म्हणून हा आकडा हलत नाही, कारण त्याच सेकंदाला कुणीतरी कुठेतरी इस्त्री बंद करत असतं. शंभर घरांना प्रत्येकी पाच किलोवॉट लागू शकत असले, तरी त्यांच्यासाठी पाचशे किलोवॉटची सोय कुणी करत नाही. सगळे एकदम मागणार नाहीत या भरवशावर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ही सगळी व्यवस्था उभी आहे. इंजिनियर त्याला डायव्हर्सिटी म्हणतात. मी पांगापांग म्हणतो. माणसांच्या सवयी, झोपेच्या वेळा, विसराळूपणा, आळस या सगळ्यांनी मिळून ती पांगापांग फुकटात करून दिली होती.

ती पांगापांग एकदा मुद्दाम मोडली गेली, आणि आपण सगळे त्यात होतो. ५ एप्रिल २०२०, रात्री नऊ. पंतप्रधानांच्या आवाहनानुसार देशानं नऊ मिनिटं घरातले दिवे घालवून पणत्या लावल्या. भार प्रेषण केंद्रांचा अंदाज होता की मागणी बारा-तेरा हजार मेगावॉटनं घटेल. प्रत्यक्षात ती ३१,०८९ मेगावॉटनं घटली, अंदाजाच्या दुपटीहून जास्त. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ या दरम्यान फिरली आणि जाळं टिकलं. टिकलं, कारण वेळ आधी माहीत होती. केंद्रांमध्ये अनुभवी माणसं घड्याळाकडे डोळे लावून बसली होती. जलविद्युत केंद्रं मिनिटांत खाली-वर करता येतात, म्हणून ती आधीपासून तयार ठेवली होती आणि बहुतेक भार त्यांच्यावरच झेलला. त्या रात्री काम केलेल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सॉफ्टवेअर जेव्हा अशी पांगापांग मोडतं, तेव्हा ते दोन दिवस आधी टीव्हीवर येऊन सांगत नाही.

जर्मनीत हेच होऊ घातलं होतं, आणि सुदैवानं ते कागदावरच लक्षात आलं. तिथे छपरांवरचं सौर उत्पादन झपाट्यानं वाढलं. २०११ संपताना त्याची क्षमता जवळपास २५,००० मेगावॉट होती. यातल्या फार मोठ्या भागाच्या इन्व्हर्टरमध्ये एक नियम लिहिलेला होता. फ्रिक्वेन्सी ५०.२ हर्ट्झच्या वर गेली की ताबडतोब जाळ्यापासून तुटायचं. नियम लिहिला तेव्हा तो अगदी रास्त होता. मुठभर छपरं, त्यांचं उत्पादन नगण्य, आणि गल्लीतली लाईन बंद असताना एखादं छप्पर तिच्यात वीज सोडत राहिलं तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. आकडा जास्तच वर गेला म्हणजे काहीतरी बिघडलंय, तेव्हा बाजूला हो. बरोबरच होतं.

पण छपरं लाखांनी झाली आणि आकडा तोच राहिला. विचार करा, भर दुपारी, लखलखीत उन्हात, काही कारणानं युरोपची फ्रिक्वेन्सी ५०.२ ला टेकली. त्या क्षणी हजारो मेगावॉट एकदम गायब होणार. युरोपभरच्या जाळ्यानं अशा अचानक तुटीसाठी राखून ठेवलेली क्षमता ३,००० मेगावॉटची. म्हणजे वीज थोडी जास्त झाली म्हणून सुरू झालेलं प्रकरण, वीज भयंकर कमी पडून अंधारात संपलं असतं. आणि ५०.२ कधी येतच नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती. ४ नोव्हेंबर २००६ च्या रात्री एम्स नदीतून एक मोठं प्रवासी जहाज जायचं होतं म्हणून वरची उच्चदाबाची वाहिनी बंद केली गेली, भार दुसऱ्या वाहिन्यांवर गेला, त्या एकामागून एक तुटल्या आणि युरोपचं जाळं तीन तुकड्यांत फुटलं. त्यातल्या ईशान्येकडच्या तुकड्यात फ्रिक्वेन्सी ५१ च्याही वर गेली होती.

दुरुस्तीसाठी २०१२ मध्ये सरकारी आदेश निघाला आणि तीन लाखांहून जास्त सौर संचांच्या सेटिंग बदलायचं काम हाती घेतलं गेलं. प्रत्येक ठिकाणी माणूस जाणार, इन्व्हर्टर उघडणार, आकडा बदलणार. बदल काय होता ते बघण्यासारखं आहे. नव्या इन्व्हर्टरनी ५०.२ पासून पुढे उत्पादन हळूहळू उतरवत न्यायचं, आणि ज्यांना ते जमत नाही अशा जुन्यांना तुटण्यासाठी वेगवेगळे आकडे द्यायचे. कुणी आधी तुटेल, कुणी नंतर. माणसांच्या आळसामुळे जी पांगापांग आपोआप मिळत होती, ती तिथे एकेका यंत्रात हातानं भरावी लागली.

स्मार्ट जाळ्याच्या आराखड्याबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा माहिती किती येईल, क्लाउड कुठला, डॅशबोर्ड कसा, यावर बोलतात. मला वाटतं पहिला प्रश्न वेगळा असावा. हा नियम एका यंत्रात लिहिताना, तो एक कोटी यंत्रांत एकाच वेळी चालला तर काय होईल? ९ ऑगस्ट २०१९ ला ब्रिटनमध्ये याचं उत्तर दोनदा मिळालं, एकाच संध्याकाळी.

संध्याकाळी ४ वाजून ५२ मिनिटांनी एका वाहिनीवर आकाशातली वीज कोसळली. असं वर्षभर होतच असतं. पण त्या धक्क्यानं समुद्रातला हॉर्नसी हा मोठा पवनप्रकल्प आणि लिटल बारफर्ड हे वायूवर चालणारं केंद्र, दोन्ही जवळजवळ एकदम मागे हटले. त्याच क्षणी गावोगाव विखुरलेली छोटी वीजनिर्मितीही तुटली, कारण तिच्यातल्या संरक्षक सेटिंगना वाटलं की आपण जाळ्यापासून वेगळे पडलो आहोत. प्रत्येकानं स्वतःपुरता योग्य निर्णय घेतला. फ्रिक्वेन्सी ४८.८ पर्यंत घसरली आणि जाळं वाचवण्यासाठी सुमारे दहा लाख ग्राहकांची वीज आपोआप तोडली गेली. पाऊण तासात ती सगळ्यांना परत मिळाली.

दुसरं उत्तर रुळांवर मिळालं. लंडनच्या आसपास धावणाऱ्या एका प्रकारच्या सुमारे साठ नव्या गाड्या फ्रिक्वेन्सी ४९ च्या खाली गेल्याबरोबर थांबल्या. थोडं थांबून आपोआप पुन्हा चालू व्हायचं, अशी अपेक्षा होती. त्याऐवजी त्यांनी स्वतःला कुलूपच लावून घेतलं. काही गाड्या चालकाला पुन्हा सुरू करता आल्या. पण ज्यांच्यावर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली होती, त्यांच्यासाठी तंत्रज्ञानं लॅपटॉप घेऊन गाडीपर्यंत जाणं भाग होतं. शुक्रवारची संध्याकाळ, गर्दीची वेळ, आणि प्रवासी कित्येक तास बोगद्यांत नि रुळांवर अडकलेले. वीजजाळ्याचं दुखणं पाऊण तासाचं, त्याचा त्रास मध्यरात्रीपर्यंत.

स्मार्ट शहराचा प्रश्न इथेच दिसतो. वीजजाळं एकाचं, रेल्वे दुसऱ्याची, गाडी बनवणारा तिसरा, सॉफ्टवेअर लिहिणारी टीम आणखी कुठेतरी. यांच्यातला करार एका आकड्यात होता, ४९, आणि तो आकडा ओलांडल्यावर नेमकं काय करायचं याबद्दल सगळ्यांची समजूत एक नव्हती. आपल्याकडे २५ जून २०१५ ला स्मार्ट सिटी मोहीम सुरू झाली आणि निवडलेल्या शंभरही शहरांत एकत्रित नियंत्रण केंद्रं उभी राहिली. भिंतभर पडदे असतात, त्यावर सिग्नल, कॅमेरे, पथदिवे, पाण्याच्या टाक्या, कचरागाड्या सगळं एकत्र दिसतं. दिसणं चांगलंच आहे. पण प्रत्येक वस्तू वेगळ्या निविदेतून, वेगळ्या कंपनीकडून, वेगळ्या कराराच्या मुदतीनं आलेली असते. पडद्यावर ती शेजारी दिसतात म्हणून खाली एकमेकांना समजून घेतात असं नाही. पाण्याच्या पंपाला वीज लागते, सिग्नलला वीज लागते, मोबाइलच्या टॉवरला वीज लागते, आणि स्मार्ट मीटरला आपलं म्हणणं पोचवायला बहुतेक वेळा तोच मोबाइलचा टॉवर लागतो. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल थांबल्या आणि शहराला कळलं की किती गोष्टी एकाच खुंटीला टांगल्या आहेत. संकटात मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून सोडवून बेटासारखं स्वतंत्र चालवायची ‘आयलँडिंग’ची व्यवस्था कित्येक वर्षांपासून होती. त्या दिवशी ती टिकली नाही.

एक खुंटी म्हटली की मला ओहायोची गोष्ट सांगावीच लागते, आणि ती जरा सविस्तर सांगतो, कारण सॉफ्टवेअरच्या चुकीची एवढी बारकाईनं नोंदलेली हकिकत फार थोडी असते.

१४ ऑगस्ट २००३. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीची नियंत्रण खोली. तिथल्या संगणकावर जाळ्याचं चित्र असतं आणि कुठे काही बिनसलं की अलार्म वाजतो. दुपारी सव्वादोनच्या सुमाराला अलार्म देणारा प्रोग्राम गप्प झाला. बंद पडला असता तर कळलं असतं. तो चालू होता, फक्त बोलत नव्हता. ऑपरेटर पडद्यासमोर बसलेले, अलार्म नाही, म्हणजे सगळं ठीक असणार. आपणही तेच मानलं असतं.

झालं काय होतं? एका दुकानात एकच खातेवही आहे आणि दोन मुनीम. दोघांनी कधीही एकाच वेळी एकाच पानावर लिहायचं नाही, असा दंडक. पण एखाद्या क्षणी दोघंही मान वर करून बघतात, वही मोकळी दिसते, आणि दोघंही एकदम पेन टेकवतात. पान खराब होतं. मग तिसरा मुनीम ते पान वाचायला बसतो, बेरीज जमत नाही म्हणून पुन्हा वरपासून सुरू करतो, पुन्हा जमत नाही, पुन्हा वरपासून. तो आळशी नाही, तो अखंड काम करतोय, पण त्याच्या टेबलावर नव्या चिठ्ठ्यांचा ढीग वाढत चाललाय. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. चुकीला जागा मिळणारा तो क्षण इतका बारीक असतो की वर्षानुवर्षं तपासणीत सापडत नाही. ओहायोतली चूक शोधायलाही नंतर कित्येक आठवडे लागले.

चिठ्ठ्यांचा ढीग वाढत गेला आणि २ वाजून ४१ मिनिटांनी तो सर्व्हर कोसळला. चिंता नको, त्याच्या जोडीला राखीव सर्व्हर होता. सगळं काम आपोआप त्याच्याकडे गेलं. सगळं म्हणजे सगळं, तो न उपसलेला ढीगसुद्धा. तेरा मिनिटांत, २ वाजून ५४ मिनिटांनी, राखीव सर्व्हरही कोसळला.

राखीव यंत्रणेचा विषय निघाला की मला या तेरा मिनिटांची आठवण होते. तेच सॉफ्टवेअर, तीच माहिती, तीच चूक असलेलं दुसरं यंत्र म्हणजे मूळ यंत्राची सावली. ऊन गेलं की सावलीही जाते. राखीव गोष्ट काही बाबतीत वेगळी असावी लागते. निदान तिच्याकडे बिघडलेला ढीग जसाच्या तसा सोपवू नये.

सर्व्हर कोसळल्याचा संदेश संगणक विभागाच्या माणसांना पेजरवर गेला होता. त्यांनी तो सुरूही केला. पण पलीकडे बसलेल्या ऑपरेटरना त्यांनी कळवलं नाही की तुमचे अलार्म बंद आहेत, आणि सर्व्हर सुरू झाला तरी अलार्म सुरू झाले की नाही हे तपासलं गेलं नाही. शेजारच्या वीज कंपनीनं फोन करून एका वाहिनीबद्दल विचारलंसुद्धा. ऑपरेटरनं पडद्याकडे बघितलं, तिथे काहीच नव्हतं. आणखी एक कडी होती. त्या सगळ्या प्रदेशावर नजर ठेवणाऱ्या संस्थेकडे जाळ्याची खरी स्थिती हिशेबानं काढणारं सॉफ्टवेअर होतं. त्यात त्या दिवशी एका वाहिनीची चुकीची माहिती आल्यानं उत्तर जुळत नव्हतं. विश्लेषकानं ते दुरुस्त केलं, पण दर पाच मिनिटांनी आपोआप चालायचं जे बटण दुरुस्तीसाठी बंद केलं होतं, ते पुन्हा चालू करायला विसरून तो जेवायला गेला.

दरम्यान बाहेर उन्हाळा होता. वाहिन्या तापल्या की लांबतात आणि खाली झोळतात. खाली झाडं वाढलेली होती. ३ वाजून ५ मिनिटांनी पहिली मोठी वाहिनी झाडाला लागून तुटली, ३ वाजून ३२ मिनिटांनी दुसरी, ३ वाजून ४१ मिनिटांनी तिसरी. तिन्ही आपल्या क्षमतेच्या आतच भार वाहत होत्या. नियंत्रण खोलीत शांतता. चारनंतर काही मिनिटांत सगळं कोसळत गेलं. अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली, ६१,८०० मेगावॉटचा भार नाहीसा झाला. झाडाची फांदी छाटली असती तरी वाचलं असतं, आणि अलार्म वाजला असता तरी वाचलं असतं.

यातून आराखड्याबद्दल जे शिकायला मिळतं, ते मी सोप्या शब्दांत असं सांगेन. यंत्र काय सांगतंय एवढंच विचारून भागत नाही. ते सांगायचं थांबलं तर आपल्याला कसं कळणार, हेही विचारावं लागतं. गावात कीर्तन चालू असताना मृदंग मध्येच थांबला की झोपाळू श्रोताही डोळे उघडतो, कारण ताल अखंड अपेक्षित असतो. चांगल्या नियंत्रण यंत्रणेत प्रत्येक भाग ठरावीक सेकंदांनी ‘मी आहे’ असा ठोका देतो, आणि ठोका चुकला तर तोच अलार्म.

आता आपल्या दाराशी असलेल्या मीटरकडे येतो. स्मार्ट मीटर दर पंधरा किंवा तीस मिनिटांचा वापर नोंदवतो. पंधरा मिनिटांचा धरला तर एका मीटरच्या दिवसाला ९६ नोंदी. एक कोटी मीटर म्हणजे रोज ९६ कोटी नोंदी. आकडा मोठा वाटतो, पण एवढी माहिती साठवणं आजच्या संगणकांना जड नाही. जड आहे ते वेगळंच. फीडर बंद पडला की त्यावरचा प्रत्येक मीटर, आत उरलेल्या थोड्याशा ताकदीवर, ‘माझी वीज गेली’ असा शेवटचा संदेश पाठवतो. सगळे एकाच क्षणी. नेमकी गरज असते तेव्हाच वाट तुंबते. वीज आली की सगळे मीटर एकाच क्षणी पुन्हा जोडणी मागतात, पहिली मागणी गर्दीत हरवली की पुन्हा मागतात, आणि सगळ्यांनी ठीक तीस सेकंदांनी पुन्हा मागायचं असं लिहिलं असेल तर दर तीस सेकंदांनी तीच चेंगराचेंगरी. उपाय जुनाच आहे. प्रत्येकानं वेगवेगळा वेळ थांबायचं, आणि तो वेळ चिठ्ठी टाकून ठरवायचा.

ब्रिटननं गाड्यांच्या चार्जरसाठी हे कायद्यातच घालून टाकलं. ३० जून २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार घरगुती स्मार्ट चार्जरनं सुरू होताना शून्य ते दहा मिनिटांपर्यंतचा कुठलाही मनमानी उशीर स्वतःहून करायचा. रात्री वीज स्वस्त होते तो ठोका पडला की सगळ्या गाड्या एकदम जाग्या होऊ नयेत म्हणून. मला हा नियम फार आवडतो. गाडीच्या मालकाला पाच मिनिटांनी काहीच फरक पडत नाही, जाळ्याला मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आपल्याकडे आता दिवसाची सौर वीज वापरली जावी म्हणून वेळेनुसार दर येतायत. चांगली गोष्ट आहे. पण सवलतीची वेळ घड्याळाच्या काट्यावर सुरू होणार असेल, आणि गिझर, चार्जर, पाण्याचे पंप टायमरवर असतील, तर तो काटा म्हणजे आमच्या मळ्यातली रात्रीची लाईटच झाली.

मीटरमध्ये मोजमापाखेरीज आणखी एक गोष्ट असते. वीज तोडायचं आणि जोडायचं बटण, लांबून दाबता येणारं. १२ ऑगस्ट २०२० ला, ऐन जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात सुमारे दीड लाख घरांची वीज अशीच गेली. वीज उपलब्ध होती, तारा शाबूत होत्या, थकबाकीचाही प्रश्न नव्हता. यंत्रणेतून चुकीची आज्ञा गेली आणि दीड लाख मीटरनी ती निमूटपणे पाळली. सणाच्या दिवशी घरात अंधार झाला तेव्हा त्या कुटुंबांना काय वाटलं असेल? आणि समजा मुद्दाम कुणी हेच केलं, दीड लाखांऐवजी पन्नास लाख घरांवर, आणि तोडून पाच मिनिटांनी सगळी एकदम जोडली, तर ती फक्त ग्राहकांची गैरसोय राहत नाही. ५ एप्रिलची रात्र आठवा, आणि त्यातून आधी मिळालेली सूचना वजा करा.

म्हणून इथे आराखड्यातच वेसण घालावी लागते. एका तासात अमुक इतक्या मीटरपेक्षा जास्त तोडताच येऊ नयेत, मग आज्ञा कुणाचीही असो. मोठ्या संख्येची आज्ञा आधी शंभर घरांवर, मग थांबून पाहून पुढे. दोन वेगळ्या माणसांची संमती. आणि ही मर्यादा मध्यवर्ती संगणकात नुसती लिहून चालत नाही, कारण मध्यवर्ती संगणकच कुणाच्या ताब्यात गेला तर? ती खालपर्यंत, मीटरशी बोलणाऱ्या पायरीवरही असावी लागते. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी तीन वीज वितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरून, ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत त्यांचेच माउस हलवत उपकेंद्रांतले ब्रेकर (वीज तोडणारे मोठे स्विच) उघडले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक थंडीत अंधारात. तरी काही तासांत वीज परत आली, कारण उपकेंद्रांत हातानं फिरवायची जुनी खटकी शिल्लक होती आणि ती फिरवता येणारी माणसंही. आधुनिकीकरणाच्या नावाखाली हाताची सोय काढून टाकायचा प्रस्ताव आला की मला ते लोक आठवतात, बर्फातून गाडी काढून उपकेंद्रावर गेलेले.

काय कुठे ठरवायचं, हा या सगळ्याचा गाभा आहे. तार तुटली तर ती बंद करायचा निर्णय सेकंदाच्या छोट्याशा अंशात व्हावा लागतो. तो तिथल्या रिलेनंच, म्हणजे बिघाड ओळखून लाईन तोडायला लावणाऱ्या उपकरणानंच, घ्यायचा, मुंबईला विचारून चालणार नाही. फ्रिक्वेन्सी सावरायला सेकंद मिळतात, ते काम जनित्रं आणि इन्व्हर्टर स्वतः करतात. कुठलं केंद्र किती चालवायचं याचं वेळापत्रक पंधरा-पंधरा मिनिटांचं असतं, ते भार प्रेषण केंद्र ठरवतं. सगळं मध्यभागी नेलं तर उशीर होतो आणि एकच खुंटी उरते. सगळं टोकाला सोडलं तर पंधरा ऑटो होतात. आणि हा तोल एकदा साधून भागत नाही, कारण डीपी पंचवीस-तीस वर्षं टिकते आणि तिच्यावरचं सॉफ्टवेअर दर दोन-चार वर्षांनी बदलतं. ५०.२ लिहिणारा माणूस चुकला नव्हता. त्याच्या आकड्याकडे दर वर्षी पुन्हा बघणारं कुणी नेमलेलं नव्हतं.

आमच्या मळ्यात तिसऱ्यांदा डीपी जळाली तेव्हा नवी यायला दहा दिवस लागले. उसाचं पाणी चुकलं. डीपी बसवायला आलेला वायरमन जाणता होता. ऑटो काढून टाका असं सांगून कुणी ऐकणार नाही हे त्याला माहीत होतं, आणि रात्री विहिरीवर जाण्यातली भीतीही त्याला माहीत होती. त्यानं सगळ्यांना ऑटोत टायमर बसवून घ्यायला लावले, आठवड्याभरानं परत आला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन विहिरी-विहिरीनं फिरला. पहिल्या मोटारीला दहा सेकंद, दुसरीला वीस, तिसरीला तीस. मी बॅटरी धरून त्याच्या मागे होतो. शेवटच्या विहिरीवर अडीच मिनिटांचा आकडा लागला. त्या रात्री लाईट आली तेव्हा मी ओट्यावर बसून मोटारी मोजल्या. एकेक करून उठत गेल्या, पंधरापर्यंत.